लेहमध्ये एकच मोकळा दिवस, सोबत आई-बाबा: पँगाँग, ‘११ पॉइंट’ की अल्ची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे घोळ नको. ऑगस्टमध्ये तुम्ही पाच जण नाशिकहून निघून दिल्लीमार्गे विमानानं लेहला उतरणार. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, ६८ वर्षांचे बाबा आणि ६३ वर्षांची आई. बाबांना बीपीची गोळी आहे, बाकी ते ठणठणीत. पहिले दोन दिवस आराम, चौथ्या दिवशी नुब्रा खोरं. मधला तिसरा दिवस मोकळा. एजंटनं त्या दिवसासाठी दोन पर्याय दिलेत: पँगाँग तळं जाऊन-येऊन, नाहीतर ‘लेह लोकल ११ पॉइंट’. यातलं काय घ्यावं? आणि गाडीला ड्रायव्हर आहेच, तर वेगळ्या गाइडचे पैसे कशाला?

माझं उत्तर: दोन्ही नको. सिंधूच्या प्रवाहाबरोबर खाली, पश्चिमेला जुन्या बौद्ध देवळांच्या अल्ची गावापर्यंत जा, वाटेत मोजके थांबे घ्या, आणि गाइड नक्की घ्या. का, ते सांगतो. पुण्याहून मराठी गट घेऊन मी बरीच वर्षं लडाखला जातोय, हल्ली सीझनभर मुक्कामच लेहला असतो. तेव्हा जे लिहितोय ते माझ्या कामातून आलेलं आहे. डॉक्टरकीचा भाग तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

तुम्ही विचारलंय ‘काय बघावं’. पण तिसऱ्या दिवशी खरा प्रश्न वेगळा असतो. विमानानं आलेला माणूस दीड तासात दिल्लीच्या सातशे फुटांवरून लेहच्या साडेअकरा हजार फुटांवर येतो. तिथं प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. शरीर जुळवून घेतं, पण आपल्या वेगानं. विमानानं येणाऱ्यांनी पहिले ४८ तास आराम करावा असं तिथलं प्रशासनही सांगतं, आणि तुम्ही ते पाळताय, छान. पण ४८ तास संपले म्हणजे शरीर तयार झालं असं नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी माणसाला बरं वाटायला लागतं, आणि बरं वाटलं की तो जिने धावत चढतो. माझ्या अनुभवात जास्तीत जास्त तक्रारी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी येतात, पहिल्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी सगळेच घाबरून पडून असतात.

त्यात तुमचा चौथा दिवस नुब्राचा, म्हणजे खारदुंग ला ओलांडायचा. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, जीपीएसच्या मोजणीत ती खिंड साडेसतरा हजारांच्या आसपास भरते. पाटी खरी की जीपीएस हा वाद सोडा, दोन्ही आकडे तुमच्या बाबांसाठी पुरेसे मोठे आहेत. खिंडीत आपण पंधरा-वीस मिनिटं थांबतो आणि नुब्रातल्या, दहा हजार फुटांवरच्या डिस्कित-हुंडरला झोपायला उतरतो, त्यामुळे ते सहसा निभतं. पण आदल्या दिवशी माणसं दमून आलेली नसावीत.

आता पँगाँग. लेहहून जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या आसपास, मध्ये सुमारे १७,६०० फुटांची चांग ला खिंड, एका बाजूचे पाच तास, त्यातला बराच रस्ता खडबडीत. पहाटे सहाला निघालात तर संध्याकाळी सहा-सातला परत. तळ्यावर हातात वेळ मिळतो दीड-दोन तास, त्यातला अर्धा चहा, शौचालय आणि ‘थ्री इडियट्स’ सिनेमातल्यासारख्या पिवळ्या स्कूटरवरच्या फोटोच्या रांगेत जातो. उंचीच्या हिशेबानं बघितलं तर एक दिवसात जाऊन येणं हे तिसऱ्या रात्री तिथं मुक्काम करण्यापेक्षा बरंच, कारण झोपायला तुम्ही परत लेहला येता. दर दिवशी अनेक गाड्या असं करतात आणि बहुतेक माणसं सुखरूप येतात, हेही खरं. पण तुमच्या गाडीत ६८ वर्षांचे गृहस्थ आहेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिंड आहे. सलग दोन दिवस सतरा हजारांच्या वर, हे मी माझ्या गटात करत नाही.

अलीकडे मराठी मंडळी पँगाँगचा हट्ट धरतात त्याला आणखी एक कारण झालंय. २६ डिसेंबर २०२४ ला सैन्यानं तळ्याच्या काठावर सुमारे १४,३०० फुटांवर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. ‘लडाखला जाऊन महाराजांना मुजरा न करता यायचं?’ असं मला फोनवर लोक विचारतात. ओढ समजते. मग नुब्राहून परतताना श्योक नदीच्या रस्त्यानं पँगाँगला जा आणि एक रात्र राहा. तोवर शरीर सहा-सात दिवस उंचीवर राहिलेलं असेल. तो रस्ता दरडींमुळे अधूनमधून बंद असतो, त्या दिवशी ड्रायव्हर सांगेल ते ऐका. एक दिवस वाढवता येत नसेल तर या खेपेला पँगाँग सोडा, पण तिसऱ्या दिवशी कोंबू नका.

‘११ पॉइंट’बद्दल. यादी तुम्ही लिहिली नसली तरी मला पाठ आहे: हॉल ऑफ फेम, स्पितुक, पत्थर साहिब, मॅग्नेटिक हिल, संगम, शे, ठिक्से, ‘थ्री इडियट्स’मधली ती शाळा, लेह पॅलेस, शांती स्तूप, बाजार. नकाशा उघडून बघा. यातली पाच ठिकाणं लेहच्या पश्चिमेला कारगिल रस्त्यावर आहेत, तीन पूर्वेला मनाली रस्त्यावर आणि तीन लेहमध्येच. म्हणजे दिवसभर लेहमधून आरपार ये-जा आणि दर थांब्याला वीस मिनिटं. उतरा, फोटो, बसा. प्रत्येक थांब्याला गाडीतून उतरून थोडं चढायचं असतं. शेला चढ, ठिक्सेला पायऱ्या, पॅलेसला नऊ मजले. अकरा वेळा थोडंथोडं चढलं की संध्याकाळी आईंचे गुडघे आणि बाबांचा दम दोन्ही बोलतात. एकच दिशा निवडा, एवढं जरी केलंत तरी अर्धं काम झालं.

मग पश्चिमच का? पहिलं कारण, तो रस्ता उतरत जातो. निम्मू आणि अल्ची दहा हजार फुटांच्या थोडं वर, म्हणजे लेहपेक्षा हजार-बाराशे फूट खाली. दिवसभर थोडा जास्त ऑक्सिजन मिळतो, आणि तिथं लोक जेवतात. हे मी दर वेळी बघतो, लेहच्या हॉटेलात अर्धी पोळी टाकून उठणारा माणूस अल्चीत दुसरी वाटी मागतो. दुसरं, कारगिलला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग गुळगुळीत आहे, सत्तर किलोमीटर दोन तासांत आरामात होतात. तिसरं, हा पट्टा सीमेलगत नाही, त्यामुळे भारतीयांना इनर लाइन परमिटची भानगड नाही. आणि चौथं म्हणजे अल्ची स्वतः. त्याच्याकडे येतोच.

सकाळी साडेसातला निघा. नाश्ता हलका, पण करा. जाताना कुठंही न थांबता थेट अल्ची गाठायचं आणि बाकीचं परत येताना बघायचं. बहुतेक गाड्या उलटं करतात, वाटेतली सगळी ठिकाणं उरकत उन्हाच्या वेळी अल्चीला पोचतात. तुम्ही साडेनऊला तिथं असाल तर देवळं जवळजवळ तुमचीच असतात. ही देवळं लहान आहेत, आत दहा माणसं झाली की काही दिसत नाही.

जाताना गाडीत एक गोष्ट मुलीला दाखवा. उजव्या हाताला, उत्तरेकडे, लडाख रांगेचे करडे डोंगर दिसतील, तो ग्रॅनाइट. डावीकडे नदीपलीकडे जांभळट, तांबूस, मध्येच हिरवट थर आहेत, आणि कितीतरी ठिकाणी ते थर उभे केलेले. मधून सिंधू वाहते. भारताचा भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन धडकला, त्या सांध्याच्या पट्ट्यातून तुमची गाडी चाललेली असते. सह्याद्रीत आपण आडवे थर बघून मोठे झालो, लाव्हा पसरला आणि थिजला. इथं थर उभे का, हा प्रश्न मुलांना आपोआप पडतो. आणि झाडं का नाहीत, हाही. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावर रिकामे होतात. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. नाशिकला जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो.

आता अल्ची. लडाखमधले बहुतेक गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, डोंगराच्या टोकावर असतात, हा मात्र नदीकाठी सपाटीवर आहे, त्यामुळे आई-बाबांना चढ जवळपास नाही. पार्किंगपासून दुकानांच्या गल्लीतून थोडं चालायचं. परंपरेनं हे काम लोचावा, म्हणजे ग्रंथांचा अनुवादक, रिंचेन झांगपोच्या नावावर आहे, अभ्यासक देवळांचा काळ अकराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढं धरतात. चित्रं काढली काश्मिरी परंपरेतल्या कलाकारांनी. खुद्द काश्मीरमध्ये त्या काळची अशी भित्तिचित्रं आज उरलेली नाहीत, म्हणून अल्चीला एवढं महत्त्व.

सुमत्सेक नावाचं तीन मजली देऊळ आहे. दार बुटकं, डोकं सांभाळा. आत काळोख. डोळे सरावायला दोन मिनिटं उभे राहा, मग तीन कोनाड्यांत बोधिसत्त्वांच्या तीन प्रचंड मूर्ती दिसू लागतात. डावीकडे अवलोकितेश्वर, समोर मैत्रेय, उजवीकडे मंजुश्री. वर बघत राहू नका, मूर्तींच्या कंबरेखाली बघा. त्यांच्या धोतरांवर चित्रं काढलीयत. मैत्रेयाच्या धोतरावर गोल चौकटींत बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर ८४ सिद्ध, प्रत्येक वेगळ्या आसनात. अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं आहेत, महाल आहेत, घोडेस्वार आहेत. काही आकृती बोटाएवढ्या, पण चेहऱ्यावरचा भाव ओळखू येतो. शेजारच्या दुखांगमध्ये, म्हणजे सभागृहात, दाराजवळ भिंतीवर एक राजा-राणी आहेत, राजाच्या हाती पेला आणि अंगरख्यावर गोलागोलांत सिंह. बौद्ध देवळात मद्याचा पेला काय करतोय, यावर गाइडला बोलतं करा.

फोटो काढता येत नाहीत, आणि ते बरंच आहे. एक छोटी बॅटरी जवळ ठेवा, प्रकाश भिंतीवर रोखून धरू नका, फिरता ठेवा. अजिंठा बघितलेल्या माणसाला इथं जास्त मजा येते, कारण मातीच्या गिलाव्यावर रंग ही रीत ओळखीची वाटते आणि तरी चेहरे, कपडे, दागिने सगळं वेगळ्या जगातलं. सुमत्सेकच्या वरच्या मजल्यांवर पर्यटकांना सोडत नाहीत, गाइडशी हुज्जत घालू नका.

इथंच गाइडचा प्रश्न येतो. लडाखी ड्रायव्हर हा माझ्या मते देशातल्या उत्तम ड्रायव्हरांपैकी एक. रस्ता, हवा, दरड, गाडी यात त्याला तोड नाही. पण तो गाडीपाशी थांबतो. सुमत्सेकमध्ये तुम्ही एकटे गेलात तर पाच मिनिटांत बाहेर येता, मी रोज बघतो: आत शिरणारा माणूस ‘अंधार आहे, फोटो नाही’ म्हणत परत फिरतो. गाइडबरोबर तीच माणसं चाळीस मिनिटं आत असतात. दुसरं म्हणजे चाव्या. लहान देवळांना कुलूप असतं आणि चावी एखाद्या लामाकडे. स्थानिक गाइड आधी फोन करून ठेवतो. तिसरं, तो तुम्हाला हळू चालायला लावतो. घरच्या माणसानं ‘बाबा, हळू’ म्हटलं की बाबा चिडतात, गाइडनं म्हटलं की ऐकतात.

गाइड मात्र बघून घ्या. परवानाधारक असावा, शक्यतो लडाखी असावा, आणि आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं हॉटेलवर भेटावा. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘अल्चीत आम्हाला काय दाखवाल?’ ‘बहोत पुराना मोनेस्ट्री है’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा शोधा. तो धोतरावरच्या चित्रांबद्दल बोलू लागला तर लगेच ठरवा. बहुतेकांचं हिंदी उत्तम असतं. गाइडची दिवसाची फी गाडीच्या भाड्यात धरलेली नसते, आधी बोलून घ्या, आणि दुपारी त्याला आणि ड्रायव्हरला जेवायला सोबत बसवा. बाकीच्या दिवसांना, म्हणजे नुब्राला वगैरे, तुम्हाला गाइड नसला तरी चालेल. सगळ्या सहलीला घ्यायचा नसेल तर या एका दिवसाला घ्या.

देवळांतून बाहेर आलात की गावात पंधरा मिनिटं चाला. ऑगस्टमध्ये घरांच्या छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले असतात. गावाच्या वरच्या कडेला पाण्याचा पाट आहे. पाटाच्या खालच्या अंगाला जव, भाज्या, जर्दाळू, पॉप्लर, सगळं हिरवंगार, आणि वरच्या अंगाला दगड. मधे फूटभरही काठावरची जागा नाही, सुरीनं कापल्यागत. लडाख हे वाळवंट आहे हे मला लांबच्या लांब उघड्या डोंगरांपेक्षा या एका पाटावर जास्त कळतं. बर्फ वितळेल तेवढंच पाणी, आणि ते कुणाच्या शेताला किती वेळ हे ठरवणारा माणूस गावानं नेमलेला असतो, त्याला छुरपोन म्हणतात. काम आपल्याकडच्या पाटकऱ्याचं, पण मान मोठा. वसंतात पेरणीच्या वेळी पाणी कमी पडतं म्हणून चेवांग नॉरफेल यांनी कृत्रिम हिमनद्या बांधल्या आणि सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले. हे सगळं गाइडकडून त्या पाटाशी उभं राहून ऐका. मग हॉटेलात परतल्यावर मुलगी बादलीभर पाणी वाया घालवणार नाही, अशी आशा करू.

जेवण अल्चीतच, पावणेबारा-बाराला. देवळं दुपारी तासभर बंद होतात, त्यामुळे देवळं आधी आणि जेवण नंतर. स्क्यू मिळालं तर आईंना आवडेल, कणकेच्या चकत्या भाज्यांबरोबर शिजवलेल्या, आपल्या वरणफळांची लांबची बहीण शोभावी असं. थुकपा, म्हणजे शेवयांचं सूप, आहेच. लोण्याचा खारा चहा एकदा प्या, नाही आवडला तर कुणी रागवत नाही. घरून चिवड्याची पाकिटं आणलीत तर ती फुगून फुटायला आलेली दिसतील, सुईनं एक भोक पाडून ठेवा.

परतीचे थांबे झटपट सांगतो. बास्गो चुकवू नका. मातीच्या सुळक्यांवर मातीचाच किल्ला, कुठं डोंगर संपतो आणि भिंत सुरू होते कळत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिबेट-मंगोल फौजेनं याला वेढा घातला होता आणि परंपरा सांगते की तो तीन वर्षं टिकला. किल्ले बघत वाढलेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न असतो, पाणी कुठून आणत होते? गाइडला विचारा. आतल्या मैत्रेय मंदिरांच्या जतनाला २००७ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. गाडी मंदिराच्या बरीच जवळ जाते.

निम्मूचा संगम वरच्या वळणावरूनच बघा. सिंधू आणि झंस्कार, दोन रंगांची पाणी. कुठली गढूळ आणि कुठली हिरवट हे महिन्यागणिक बदलतं. खाली काठावर जायचा मोह होतो, पण दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो आणि तोंडात वाळू जाते. बहुतेक विमानं सकाळीच का उडतात याचं एक कारण हा वाराच. मॅग्नेटिक हिलला पाच मिनिटं द्या, फार तर. गाडी चढावर आपोआप जाते असं दिसतं. आजूबाजूच्या उतारांमुळे डोळा फसतो, रस्ता प्रत्यक्षात उतरताच असतो. मुलीला मोबाइलमधलं लेव्हल मोजायचं अ‍ॅप देऊन रस्त्यावर ठेवायला सांगा, चुंबकाची गोष्ट तिथंच मोडीत निघेल. पत्थर साहिब गुरुद्वारा सैन्य सांभाळतं, तिथला चहा आणि प्रसाद घ्या. चारपर्यंत लेह. सगळे ताजेतवाने असतील तर संध्याकाळी शांती स्तूप, पण गाडीनं वरपर्यंत. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या नको.

हे सगळं कशावर अवलंबून आहे? एक, तिसऱ्या दिवशी सकाळी माणसं कशी उठतात यावर. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवावंसं वाटत नाही, यातलं काही असेल तर त्या माणसानं हॉटेलात राहायचं आणि सोबत एकानं. दुपारपर्यंत बरं वाटलं तर बाकीच्यांनी ठिक्सेला जा, लेहपासून १९ किलोमीटर. १९७० साली दलाई लामांनी दिलेल्या भेटीची आठवण म्हणून तिथं ४९ फुटांचा मैत्रेय बसवलाय, दोन मजल्यांच्या उंचीचा. अर्ध्या दिवसाला तेवढं पुरे. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काही दिसलं तर सहल वगैरे विसरून थेट लेहच्या एसएनएम रुग्णालयात. तिथले डॉक्टर हेच रोज बघतात. मुलं डोकं दुखतंय असं सांगत नाहीत, ती किरकिर करतात आणि जेवत नाहीत, हे लक्षात ठेवा.

दोन, हवेवर. ऑगस्ट म्हणजे ढगफुटीची शक्यता असलेला महिना. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहमध्ये काय झालं ते आठवत असेल. उघड्या डोंगरावर पाणी धरून ठेवायला काही नाही, त्यामुळे थोडा पाऊसही चिखल घेऊन खाली येतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर निघण्याआधी ड्रायव्हरला रस्त्याची खबर काढायला सांगा, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर त्यावर चर्चा नको.

औषधांबाबत: उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का हे नाशिकच्या डॉक्टरांना विचारा, बाबांच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगून, आणि कुणाला सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगून. ही गोळी लघवी वाढवते आणि बोटांना मुंग्या आणते, घाबरू नका. कापराच्या पुरचुंड्या प्रत्येक मराठी गटात असतात. हुंगायचा असेल तर हुंगा, नाक मोकळं वाटतं, पण कापरातून ऑक्सिजन मिळत नाही. फवारा मारायच्या ऑक्सिजनच्या डब्यांनीही काही मिनिटांचाच आराम पडतो. ऑक्सिमीटर नेत असाल तर आकड्याची धास्ती घेऊ नका. घरी ९८ दाखवणारं बोट लेहला ८८ दाखवू शकतं, आणि गार बोटावर तर वाट्टेल ते. आकड्यापेक्षा माणूस जेवतोय का, बोलतोय का, हे बघा.

आणि एक अगदी जमिनीवरची गोष्ट. बायका वाटेत शौचालय कसं असेल या धास्तीनं पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी डोकं धरून बसतात. आईंना आधीच सांगा की अल्चीच्या आणि निम्मूच्या हॉटेलांत सोय आहे, थांबायला सांगितलं की गाडी थांबेल. दर तासाला थोडं पाणी, सगळ्यांनी. टोपी, गॉगल, सनस्क्रीन ढगाळ असलं तरी, आणि एक स्वेटर हाताशी, कारण ऊन आणि सावली यात फार फरक पडतो.

गाडी ठरवताना भाव करत बसू नका, टॅक्सी युनियनचं दरपत्रक छापलेलं असतं, हॉटेलात बघायला मागा. ‘लेह–अल्ची परत, बास्गो आणि संगमसह’ असं आधीच सांगा, नाहीतर वाटेत वळण घेतलं की वेगळे पैसे होतात. पाच जण आणि गाइड म्हणजे मोठी गाडी लागेल, आईंना मधल्या रांगेत खिडकीशी बसवा, मागच्या सीटवर नको. देवळांच्या तिकिटांसाठी सुटे पैसे ठेवा. आणि बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, तेव्हा निदान एक पोस्टपेड नंबर घेऊन या, तो बाबांच्या खिशात राहू दे.